खोल टाकलेलं नाव

शमीमआपानं कुणाला माफ केलेलं मी कधी पाहिलं नाही. हे मी कौतुकानं लिहितो आहे. दूर गेलेल्या माणसावर लिहायला बसलं की त्याच्या मोठ्या मनाचे दाखले द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. आपाचं मन मोठं नव्हतं, नेमकं होतं. कुणी तिला जेवढं दिलं तेवढंच ती परत द्यायची, आणि कितीही दिवस गेले तरी द्यायची.

"बदला म्हंजे बराबरी," ती म्हणायची. "जितकं तितकंच. जास्ती घेतलं त तो जुलूम झाला. आन कमी घेतलं त आपणच आपल्यावर जुलूम केला."

हे ती शेंगा सोलत म्हणायची. तिच्या टेबलाच्या खणात भाजलेल्या शेंगांची पुडी कायम असायची. राग आला की ती बोलायची नाही, शेंग फोडायची. टरफलांचा ढीग पाहून आम्हाला त्या दिवसाचं हवामान कळायचं.

जालन्यात मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, एका खताच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. आम्ही अडत दुकानांसाठी प्रोग्रॅम बनवायचो. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर ठेवलं की वजन आपोआप कॉम्प्युटरमध्ये यायचं, त्यातून बारदान्याचं म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन वजा व्हायचं आणि पावती निघायची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत आपा सगळ्यात जुनी. माझं काम गावोगाव जाऊन तो बसवून देण्याचं. मी मंठ्याचा. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील संघटनेचं काम करायचे आणि मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवरच. हे कळल्यापासून आपानं माझं नाव टाकून दिलं. मी तिच्यासाठी कायमचा 'कॉम्रेड' झालो.

खाली चहाची टपरी होती. आपा नवी लागली तेव्हा टपरीवाला आम्हा सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा द्यायचा आणि तिला कागदी कपात. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. ऑफिसातल्या सुशिक्षितांना ते दिसलंच नाही. आपाला पहिल्याच दिवशी दिसलं. दुसऱ्या दिवशी तिनं घरून स्टीलचा पेला आणला. त्याच्या काठावर 'शमीम' असं कोरलेलं. तो तिनं टपरीवर काचेच्या ग्लासांच्या रांगेत बरोबर मधोमध ठेवला.

"भाऊ, आजपासून माझा चहा याच्यात. आन धुवायचा याच बादलीत, सगळ्यांच्यासंगं. उचलून बाजूला ठेवला त मी उद्या दुसरा आणीन, परवा तिसरा. आमच्या घरी लई हायेत."

तो दोनदा बाजूला ठेवला गेला. दोनदा नवा पेला आला. मग टपरीवाल्यानं हात टेकले. पुढे पुढे तर ग्लास कमी पडले की तो गिऱ्हाइकांना त्याच पेल्यांतून चहा द्यायचा, आणि मोंढ्यातले भलेभले लोक ओठाशी 'शमीम' धरून चहा प्यायचे. आपा माडीच्या खिडकीतून हे बघायची. त्या दिवशी टरफलं अगदी थोडी निघायची.

तिच्या घरी पेले खरंच पुष्कळ होते. तिचे अब्बा जालन्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं टाकायचे. लग्नाचा आहेर असो, वास्तुशांत असो, कुणी कुणाला काय दिलं ते भांड्यावर कोरल्याशिवाय आपल्याकडे दिल्यासारखं वाटत नाही. अब्बांच्या हातातली ती मशीन टर्रर्र करायची आणि स्टीलवर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटायची. लहानपणी आपा शाळेतून सुटली की त्यांच्या शेजारी बसायची. तिथंच ती एक गोष्ट शिकली आणि तिनं ती आम्हाला इतक्या वेळा सांगितली की आता मला ती माझीच वाटते.

एका लग्नसराईत एकजण घागर घेऊन आला आणि म्हणाला, यावर माझं नाव टाका, भाचीला द्यायची आहे. अब्बांनी घागर हातात घेतली, उलटी केली आणि परत दिली. म्हणाले, ही मी आधी पाहिली आहे, यावर दुसऱ्याचं नाव होतं. तो माणूस उखडला. घागर नवी कोरी होती, काठ चकचकीत घासलेला होता. अब्बांनी बुडाशी असलेला एक पोचा दाखवला. "नाम तो तुम घिस डाले मियाँ, इसकू कैसे घिसोगे?"

"म्हणून भांडं हातात आलं की मी नाव वाचतच न्हाई," आपा सांगायची. "आधी उलटं करते."

कुणाच्याही घरी जेवायला गेली तरी ती ताट उलटं करून बघायची. तिच्याबरोबर जायची लाज वाटायची.

आता निखिलबद्दल. त्याचं नाव मी मुद्दाम बदललेलं नाही. तो आमच्या मालकांचा, शेठचा, भाचा. पुण्याहून आला आणि आल्या आल्या आमचा प्रमुख झाला. दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड. "आपा, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत," असं तो रोज म्हणायचा. ते शब्दशः खरं होतं हे आम्हाला उशिरा कळलं.

एका प्रोग्रॅमवर अनेक हात पडायचे, म्हणून कुणी काय बदललं याची नोंद ठेवणारी व्यवस्था कॉम्प्युटरवर नुकतीच आली होती. एकेका बदलाची नोंद म्हणजे एकेक कमिट. तिच्यावर करणाऱ्याचं नाव, वेळ आणि खाली दोन ओळींचा खुलासा. आपाचे खुलासे वाचण्यासारखे असायचे. 'इथे माझी अक्कल गहाण पडली होती, सोडवून आणली.' 'शेठनी सांगितलं म्हणून केलं, मला पटलेलं नाही.' निखिलचा खुलासा एकच असायचा, 'चेंजेस.' आपा जेवणाच्या सुट्टीत आकाशवाणीच्या आवाजात तो वाचून दाखवायची. "निखिल यांच्याकडून मिळालेल्या वृत्तानुसार, चेंजेस."

मंठ्याच्या अडत्यांच्या रिती वेगळ्या आणि तीर्थपुरीच्या वेगळ्या, म्हणून एकाच प्रोग्रॅमच्या दोन फांद्या शेजारी शेजारी वाढत होत्या. मंठ्याची फांदी आपाकडे, तीर्थपुरीची निखिलकडे. एक दिवस शेठनी फर्मान काढलं की दोन्ही फांद्या एकत्र करा आणि नवा प्रोग्रॅम तीर्थपुरीला बसवा. मुहूर्त दुसऱ्या दिवशीचा. निखिल आपाच्या टेबलाशी आला.

"आपा, मर्ज तुम्हीच करा. तुमच्या हाताला यश आहे."

"दोन दिस द्या. दोन्हींकडं एकच काम दोनदा झालेलं हाय का, ते बघावं लागंल."

"ते मशीन बघतं ना. दोघांनी एकाच जागी हात घातला असला तर मशीन ओरडतं."

"आन एकच काम दोन निरनिराळ्या जागी लिहिलं असलं त?"

"असं कोण कशाला करेल, आपा?" तो हसला. "आज संध्याकाळपर्यंत व्हायलाच पाहिजे. मामांचा शब्द आहे."

तिनं तो प्रश्न सवयीनं विचारला होता, भांडं उलटं करण्याच्या सवयीनं. संशय तिला नव्हता. संध्याकाळच्या आत तिनं फांद्या जोडल्या. मशीन ओरडलं नाही. जोडणीच्या नोंदीवर नाव पडलं शमीमचं.

तीर्थपुरीला नारळ फुटला. निखिलनं हार घालून भाषण केलं. तागाच्या पोत्याचा बारदाना वेगळा आणि प्लॅस्टिकच्या पोत्याचा वेगळा, हे ओळखून वजा करणारा नियम आपण स्वतः जीव ओतून लिहिला, असं त्यानं माईकवर सांगितलं. मी वायर धरून मागे उभा होतो. हा नियम आपा मंठ्यासाठी लिहीत होती तेव्हा मी तिच्याबरोबर काट्यावर पोती उचलली होती. पण भाषणात माणूस फुगतो, म्हणून मी सोडून दिलं.

दोन-चार दिवसांत तीर्थपुरीहून निरोप आला. सोयाबीनचा माल घरी मोजला तर एक भरतो आणि अडतीवर त्यापेक्षा कमी. मी गेलो. काट्याभोवती गर्दी होती आणि बोलणं गरम होतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला बाजूला सारलं, एक रिकामं पोतं काट्यावर टाकलं आणि म्हणाला, "काढ पावती."

पावती निघाली. वजन शून्याच्या खाली.

"बघा रे बघा," तो ओरडला. "आपलं बारदान हवेत उडून राह्यलं! धरा रे त्याला, न्हाई त जाईल मंठ्याला!"

लोक हसले, मी पावतीवर हिशेब मांडला. बारदाना दोनदा वजा होत होता. प्रत्येक पोत्यामागे एका रिकाम्या पोत्याच्या वजनाचं सोयाबीन शेतकऱ्याच्या पावतीतून गायब होत होतं.

शेठच्या केबिनमध्ये निखिलनं फक्त एकच गोष्ट केली. जोडणीची नोंद उघडून नावावर बोट ठेवलं.

"मी कुणावर आरोप करत नाही, मामा. फक्त नाव बघा."

शेठ चांगुलपणानं बोलले. असली माणसं नेहमी चांगुलपणानंच बोलतात. "आपा, बाजाराच्या दिवशी तीर्थपुरीला चला. लोकांपुढं सांगा, चूक माझी झाली. लोक शांत होतील. त्यानंतर तुम्ही इथून मोकळ्या. वाईट वाटून घेऊ नका, बाजारात कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं."

"येते," आपा म्हणाली. "निखिलभाऊंना बी आणा."

बाहेर आल्यावर मी पेटलो होतो. मी म्हटलं, मी पत्रक काढतो. मंठा, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, सगळीकडे वाटतो. मथळाही सुचला होता.

"कामून कागद वाया घालतो कॉम्रेड," ती म्हणाली. "लोक त्याच्यात भजे बांधून नेतेत. बस इथं. भांडं उलटं करू."

मग तिनं जे केलं ते मी शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिलं. दोन्ही फांद्यांतली प्रत्येक नोंद तिनं कॉम्प्युटरला सोलून काढायला लावली. नाव काढ. तारीख काढ. खुलासा काढ. कोणत्या ओळीवर लिहिलंय तो आकडा काढ. मधल्या रिकाम्या जागासुद्धा काढ. मागे राहिलं फक्त एवढंच, की काय खोडलं आणि काय लिहिलं. हे काम करणारा छोटासा प्रोग्रॅम तिनं शेंगा सोलत लिहिला आणि सोललेल्या नोंदी एकमेकींशेजारी लावायला सांगितल्या.

पडद्यावर जोड्या येऊ लागल्या. एक मंठ्याची, एक तीर्थपुरीची. आतून अगदी सारख्या. वरचं नाव तेवढं वेगळं. आधीची शमीमची, नंतरची निखिलची. बारदान्याचा नियम त्यात होताच. त्यानं तो तिच्या फांदीतून उचलून आपल्या फांदीत दुसऱ्या जागी नेऊन ठेवला होता, म्हणून मशीन गप्प राहिलं आणि दोन्ही नियम आत आले. पण जोड्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पडदा वर सरकत गेला, सरकतच गेला. निखिलचं सगळं कर्तृत्व आमच्यापुढं उलटं पडलं होतं आणि प्रत्येकाच्या बुडाशी पोचा होता.

मी शिव्या दिल्या. आपा हसली. ते हसू मला आजही आठवतं. बघून बरं वाटावं असं ते नव्हतं. तिनं बारदान्याची जोडी पुन्हा उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे बी उचललं बाबानं." काय ते तिनं मला सांगितलं नाही. शेंगांची पुडी बांधून खणात ठेवली.

बाजाराच्या दिवशी तीर्थपुरीच्या अडतीसमोर शेठ खुर्चीवर, निखिल शेजारी, समोर माणसंच माणसं. आपा डोक्यावरची ओढणी सारखी करून काट्याशी उभी राहिली.

"माफी मागायला आल्ते," ती म्हणाली. "पण कशाची मागते ते तुम्हाला बराबर कळलं पाहिजे. तुमचा बारदाना दोनदा वजा झाला. एकदा करणारा नियम माझा. दुसऱ्यांदा करणारा कुणाचा?"

मागून तो म्हातारा शेतकरी म्हणाला, "ह्या भाऊंनीच त सांगितलं व्हतं नारळ फोडताना. नियम म्या लिहिला म्हणून."

सगळ्यांची तोंडं निखिलकडे वळली. नाही म्हणावं तर भाषण खोटं. हो म्हणावं तर दुसरी वजाबाकी त्याची. शेठ बघत होते. शेठपुढं तो खोटा पडायला तयार नव्हता.

"नियम माझाच आहे," तो म्हणाला. "चूक जोडताना झाली."

"तुमचाच ना? पक्कं?"

"पक्कं."

"मंग नियमात शब्बो नावाच्या खात्याचा बारदाना धरायचा न्हाई, असं लिहिलंय. ही शब्बो कोण?"

निखिलनं अडत्याकडं पाहिलं. "असेल... इथलीच एखादी शेतकरी बाई असेल. सवलत असेल तिला."

"आमच्याकडं शब्बो नावाचं खातं न्हाई," अडत्या म्हणाला.

"कसं असंल?" आपा म्हणाली. "शब्बो माझी बकरी हाय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग तो म्हातारा हसला आणि त्याच्यामागे सगळा बाजार हसला. हमाल पोती टाकून हसले.

"नियम लिहिताना घरी बसून तपासत होते," आपा गर्दीला सांगू लागली, अगदी शांतपणे. "खोटं खातं पाहिजे होतं, म्हणून बकरीचं नाव टाकलं. नंतर काढायचं ध्यानातून गेलं. ह्या भाऊंनी नियम उचलला, माझं नाव पुसलं, त्यांचं टाकलं. पण वाचला न्हाई. वाचला असता त बकरी तरी सोडून दिली असती. आता माझी चूक दोन गोष्टींची. बकरी ठेवली, आन बघायला वेळ मागितला तवा भांडून घेतला न्हाई. त्या दोन्हीची माफी मागते. बाकीची ज्याची त्यानं मागावी."

निखिलला म्हाताऱ्यानंच पुढं ढकललं. तो काय पुटपुटला ते कुणाला ऐकू आलं नाही, म्हणून लोकांनी त्याला माफी पुन्हा मागायला लावली. माईकवर. ज्या माईकवर त्यानं भाषण केलं होतं त्याच. मी वायर धरून मागे उभा होतो आणि सांगायला मला लाज वाटत नाही, वायर मी घट्ट धरली होती.

आपानं तिथंच बसून दुसरा नियम काढून टाकला आणि झालेल्या सगळ्या पावत्या नव्यानं काढायला लावल्या. ज्यांच्या पावत्या चुकल्या त्यांची नावं त्याच माईकवरून पुकारायला लावली. त्या दुरुस्तीच्या नोंदीखाली तिनं लिहिलं, 'एकच बदल दोन नावांनी आला होता. नंतरचा काढला. पहिला शमीमचा.'

जीपमध्ये परतताना शेठ म्हणाले, "आपा, झालं गेलं. तुम्ही राहा आता. पोरगं आहे, घरातलं आहे, सांभाळून घ्या. प्रमुख तोच राहील, पण तुमचा मान वेगळा."

"मान ठेवा तुमच्याजवळ. लागंल तुम्हाला," आपा म्हणाली आणि जालना येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

महिना भरल्यावर ती गेली. कुंभार पिंपळगावचे अडते थेट तिच्याकडे गेले आणि तिनं घरच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. निखिल प्रमुखच राहिला. हे वाचून तुम्हाला राग येत नसेल तर हा मजकूर तुमच्यासाठी नाही. चोरी भर बाजारात उघडी पडते, चोर दोनदा माफी मागतो, आणि सोमवारी त्याच खुर्चीत येऊन बसतो. कारण खुर्ची मामाची असते. मी आपाला म्हटलं, बराबरी कुठं झाली? ती म्हणाली, "न्हाई झाली अजून. मला कुठं गाडी पकडायची हाय?"

तिला मी शेवटचं पाहिलं ते निखिलच्या लग्नात. जालन्यातच होतं. तिला पत्रिका गेली होती, कारण निखिलला सगळ्यांशी गोड राहायचं होतं. ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती आली, हिरव्या रंगाचा नवा ड्रेस घालून, हातात कागदात गुंडाळलेली भलीमोठी परात घेऊन. रांगेत उभी राहिली, स्टेजवर चढली आणि कागद तिनं स्वतःच उलगडला.

नाव काठावर नव्हतं. परातीच्या आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, जिथं कणीक मळतात तिथं, 'शमीम' कोरलं होतं. अब्बांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. मशीन तिनं स्वतः चालवली होती आणि एकेका ठिपक्यावर पुन्हा पुन्हा टेकवली होती. मी जवळच होतो. अक्षरं इतकी खोल होती की स्टेजच्या दिव्यात त्यांची सावली दिसत होती.

"शमीम कोण हो?" नव्या नवरीनं निखिलला विचारलं.

निखिलनं पुढच्या पाहुण्याला हात जोडले.

"मी," आपा तिला म्हणाली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खऱ्या मायेनं. "रोज कणीक मळशील त तिच्यावर बी हे नाव उमटंल. काही होत न्हाई, खायचं. फक्त नाव घासायला जाऊ नको बेटा. खोल टाकलंय. भोक पडंल."

ती खाली उतरली, माझ्याजवळ थांबली. "बराबर, कॉम्रेड," म्हणाली आणि पंगतीकडे गेली. बसल्या बसल्या तिनं समोरचं ताट उचललं, उलटं करून पाहिलं, सुलटं ठेवलं आणि वाढप्याला बुंदी मागितली.

स्टेजवर फोटोवाला ओरडत होता, इकडे बघा, इकडे बघा. नवरी बघत होती. निखिल मान खाली घालून परातीच्या मधोमध अंगठा फिरवत होता.